सुखदेवभाऊंची घोरपड

धामणगाव बढ्यात शिरताना शाळेसमोर पहिला ब्रेकर लागतो. गतिरोधक हा शब्द आमच्याकडे पाटीवर असतो, बोलण्यात ब्रेकरच. त्याच्या माथ्यावर नीट पाहिले तर डांबरात घासून बसलेल्या पिवळ्या रेघा दिसतात. नव्या माणसाला वाटते, रस्तेवाल्यांनी कधीतरी पट्टे मारले असतील आणि ते पुसत आले असतील. ते पट्टे नव्हेत. सुखदेवभाऊंच्या गाडीचा पुढचा ओठ तिथे वर्षानुवर्षे घासला, त्याचा तो रंग आहे. मी मोताळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि रोज सकाळी इथूनच बस धरते. भाऊ गेल्याला आता वर्ष होत आले. बसला उशीर झाला की मी त्या रेघा पाहत उभी राहते.

ते आमचे शेजारी. दोन घरांमध्ये विटांची भिंत घातली तेव्हा भाऊंनी मध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडायला लावली होती. गवंड्याने विचारले, इथे दार बसवायचे का? भाऊ म्हणाले, दार बसवले की ते लावावे लागते. त्यांचे भाजीपाल्याचे शेत गावाच्या खालच्या अंगाला होते आणि बाजाररस्त्यावर बियाण्याचे दुकान. माणूस चांगला उंच, खांद्यात थोडा वाकलेला, पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खिशात कायम बडीशेप. कोणी भांडायला आला तरी आधी बडीशेप पुढे करायचे. तोंडात बडीशेप असली की माणसाला जोरात बोलता येत नाही, असे त्यांचे मत होते.

एका वर्षी कांद्याचे बियाणे चांगले साधले. भाऊ भाच्याला भेटायला पुण्याला गेले आणि परत आले ते पिवळ्या, दोन दारांच्या स्पोर्ट्‌स गाडीत बसून. पुण्यातल्या कुणा हौशी मुलाची ती गाडी. मुळातच बुटकी, त्यात त्याने चारही चाकांवरच्या स्प्रिंगा कापून ती आणखी खाली बसवलेली. तिच्या पोटाखालून मांजरही अंग चोरूनच गेले असते. त्या मुलाला परदेशी जायचे होते, भाऊंना गाडी आवडली, आणि पुढचा मागचा विचार न करता त्यांनी ती घेतली. गावात आल्या आल्या ती याच ब्रेकरवर अडकली. पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे, पोट मधोमध टेकलेले. कासव उताणे पडावे तशी ती हलेना. शाळा सुटण्याची वेळ होती. मुले जमली, मोठी माणसे जमली, आणि सगळ्यांनी मिळून ती उचलून पुढे ठेवली. त्याच दिवशी कुणीतरी तिला घोरपड म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

सुमनवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, ओट्यावर उभ्या होत्या. मागे मुलांची रांग घेऊन गाडी दारात आली. भाऊ गाडीतून उतरले. उतरले म्हणणे बरोबर नाही. आधी एक पाय बाहेर, मग टपाला धरून डोके, मग उरलेले सगळे अंग. जमिनीतून काहीतरी उगवून येते आहे असे वाटायचे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एवढं करून जमिनीवरच बसाचं होतं तं घरी पाट हाय ना."

भाऊ हसले. वहिनींच्या टोमण्यांना ते नेहमी हसत, आणि मला वाटते, वहिनी ते हसणे ऐकण्यासाठीच टोमणे मारीत.

त्या दिवसानंतर भाऊंनी एक रीत बसवली. ब्रेकर आला की गाडीत बसलेल्याने उतरायचे. रिकामी गाडी बोटभर वर उठायची, मग भाऊ ती तिरपी करून एकेक चाक चढवत, कुरकुरत पलीकडे न्यायचे. उतरलेल्याने तोवर चालत ब्रेकर ओलांडायचा आणि पुन्हा आत बसायचे. धामणगावहून बुलढाण्याला जायचे म्हणजे मधल्या गावांचे, फाट्यांचे, शाळांचे, देवळांचे ब्रेकर धरून किती वेळा उतरावे लागे, ते कुणी मोजत नसे. पण लोक कंटाळत नसत. उतरले की कुणी ओळखीचे भेटे, चहा होई, पेरूच्या टोपलीपाशी चौकशी होई. भाऊंच्या मागच्या सीटवर बहुधा मेथीच्या जुड्या असत. त्यातली एखादी ब्रेकरपाशी कुणाच्या तरी हातात जाई. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीशेजारी राहणारे एक म्हातारे गृहस्थ तर ब्रेकरजवळच खुर्ची टाकून बसू लागले होते. भाऊंची गाडी रस्त्यावरून जात नसे, ती रस्त्याला भेटत जात असे.

लोक म्हणायचे, भाऊ, गाडी जरा वर उचलून घ्या. मलकापूरच्या शकील मिस्त्रीने तर कितीदा सांगितले, मूळ मापाच्या स्प्रिंगा मिळतात, अर्ध्या दिवसाचे काम आहे. भाऊ ऐकत नसत. एकदा मी विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले. लहानपणी ते वडिलांबरोबर भाजी घेऊन मलकापूरच्या बाजाराला जात. ट्रकमध्ये माल भरला की माणसांना जागा वांग्याच्या पोत्यांवर, अगदी वर. थंडीत वारा अंगावर घेत, दोर धरून बसायचे. झाडाची फांदी आली की आडवे व्हायचे.

"उंच बसाची हौस तवाच फिटली, शालू," ते म्हणाले. "उंच बसणाऱ्याले रस्ता दिसते. खाली बसणाऱ्याले समजते."

हे वाक्य ते पुष्कळदा वापरीत, आणि दर वेळी नुकतेच सुचल्यासारखे.

ही उतरण्याची रीत ते कुणासाठी मोडत नसत. वडनेर भोलजीला त्यांच्या एका मित्राच्या मुलाचे लग्न होते. नवरदेवाला वरातीसाठी घोरपडच हवी होती. भाऊंनी होकार दिला, अट सांगितली, आणि हौसेपुढे अट कुणी नीट ऐकली नाही. त्या गावातल्या रस्त्यावर लोकांनी आपापल्या दारापुढे स्वतःच घातलेले ब्रेकर बरेच आहेत. वरात निघाली. पहिला ब्रेकर आला तशी भाऊंनी गाडी थांबवली आणि नवरदेवाकडे पाहिले. वाजंत्री थांबली. नवरदेव फेटा सावरत, मुंडावळ्या बाजूला करत बाहेर आला, चालत पलीकडे गेला, पुन्हा आत वाकून बसला. वाजंत्री सुरू झाली. थोड्या अंतरावर पुन्हा तेच. मुलाचे मामा सरकारी नोकरीत मोठ्या जागेवर होते. ते पुढे आले आणि आजच्या दिवसापुरते राहू द्या म्हणाले. भाऊंनी त्यांना बडीशेप दिली. दारात उभी असलेली एक म्हातारी सुनेला म्हणाली, "पोरगा पळून पाहून राह्यला का व? घडीघडी उतरते." ते ऐकून स्वतः नवरदेवच इतका हसला की पुढचा ब्रेकर आल्यावर भाऊंनी सांगायच्या आधीच त्याने दार उघडले. मांडवात पोहोचेपर्यंत अर्ध्या गावाशी त्याच्या पायी चालत ओळखी झाल्या होत्या.

मी हे लिहिते आहे ते भाऊ हटवादी होते हे सांगण्यासाठी नाही. नवरदेवासाठी, मामासाहेबांसाठी जी गाडी तसूभर वर उठली नाही ती कुणासाठी उठली, हे कळावे म्हणून.

माझी आई शिवणकाम करायची. गावातल्या तीन पिढ्यांची पोलकी तिच्या हातून गेली. वय झाल्यावर तिच्या किडन्या निकामी होत गेल्या आणि डॉक्टरांनी डायलिसिस सांगितले. ते बुलढाण्यालाच व्हायचे, आठवड्यातून ठरावीक दिवशी, आणि न चुकता. आईला सुयांची भीती नव्हती, जन्मभर बोटात सुया टोचून घेतल्या होत्या तिने. तिला भीती होती रस्त्याची. तिला गाडी लागायची. बस असो की जीप, राजूरच्या घाटात वळणे सुरू झाली की तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती अर्धी झालेली असे, येताना उरलीसुरली. जीपवाल्याच्या देखत उलटी होते याची तिला आजारापेक्षा जास्त लाज वाटे. मी पिशव्या, लिंबू, आल्याच्या वड्या सगळे करून पाहिले. एका संध्याकाळी तिने जेवणाचे ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "आता मले नेऊ नको, शालू. जितके दिवस हाय तितके घरी काढतो."

मी ते ताट उचलून आत नेले. न नेण्याचा अर्थ काय ते आम्हा दोघींना ठाऊक होते. भिंतीतल्या त्या मोकळ्या जागेतून सुमनवहिनी भाजी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकले.

पुढच्या वेळी जायच्या दिवशी सकाळी घोरपड आमच्या दारात उभी होती. भाऊ म्हणाले, बुलढाण्याला बियाण्याचे काम आहे, काकू, बसा. काम नव्हते हे सगळ्यांनाच माहीत होते. आई नाही म्हणाली. भाऊ म्हणाले, एकदा बसून पाहा, नाही जमले तर फाट्यावरून परत फिरू. आई बसली ती मोठ्या कष्टाने. मी आणि सुमनवहिनींनी धरून तिला पाटावर बसवावे तशी आत बसवली. मी मागे, मेथीच्या वासात.

जाताना भाऊंच्या रिवाजाप्रमाणे आई ब्रेकरपाशी उतरत राहिली. माझा हात धरून, सावकाश. सकाळची वेळ, अंगात ताकद होती. मग घाट आला. मी पिशवी तयार ठेवून बसले होते. गाडी वळणे घेऊ लागली, आणि मला प्रथमच कळले की ही गाडी डोलत नाही. जीप वळणावर एका अंगाला कलते, मग दुसऱ्या. ही जमिनीला धरून नुसती सरकत होती. मी पुढे वाकून आईकडे पाहिले. ती झोपली होती. घाटात झोपलेली आई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. भाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिले आणि बोट ओठांवर ठेवले.

परतीला गोष्ट वेगळी झाली. डायलिसिसनंतर माणसाचा रक्तदाब उतरतो, पायात जोर राहत नाही. घाट ती पुन्हा झोपून उतरली, पण नंतरच्या पहिल्याच ब्रेकरपाशी तिने सवयीने दार उघडले, उभी राहिली आणि तिथेच मटकन बसली. ब्रेकरवरच. मी धावले. ती म्हणत होती, काही नाही, काही नाही, जरा बसते. भाऊ गाडीतून बाहेर आले होते. ते मदतीला वाकले नाहीत, तिथेच उभे राहून आईकडे पाहत राहिले. मग त्यांनी आईला जवळजवळ उचलून आत बसवले, आणि तिथून घरापर्यंत एकाही ब्रेकरवर कुणाला उतरू दिले नाही. प्रत्येक ब्रेकरवर गाडीचे पोट खरवडत गेले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शाळेसमोरच्या ब्रेकरवर तर काहीतरी तुटून पडल्यासारखे झाले. आईने डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी घोरपड मलकापूरला गेली. शकील मिस्त्रीने मूळ मापाच्या स्प्रिंगा शोधून बसवल्या आणि गाडी परत आली ती ओळखू येईना. चाकांवर मोठाल्या पोकळ्या, पोट उघडे, लांब टांगांची. भाऊंनी शेतातून ओल्या मातीचे गोळे आणले, रस्त्यावर शंकूसारखे रचले आणि त्यावरून गाडी नेली. पोटाला लागून माती जिथे कापली जाते तेवढी उंची. मग दोरी लावून शाळेपुढच्या ब्रेकरशी ती ताडून पाहिली, कारण तोच सगळ्यांत वाईट. गाडी आरामात जात होती. चहाच्या टपरीवरचा एकजण म्हणाला, "काय हो भाऊ, घोरपडीचं मांजर झालं का?"

भाऊ मातीचे हात झटकत म्हणाले, "मांजर घरात तं येते. घोरपड कोण घरात घेते बे?"

पुढच्या खेपेला आई बसली. चढउतार सोपी झाली होती. भाऊ मोठ्या आनंदाने म्हणाले, "काकू, आता घरापासून दवाखान्यापर्यंत पाय जमिनीले लावाचा नाही." ब्रेकर आले आणि गेले. भाऊ प्रत्येक ब्रेकरच्या आधी सांगत, "आला बरं, काकू," आणि डावा हात आईपुढे आडवा धरीत, पाळण्याला कठडा असतो तसा. म्हणजे धक्का बसला तरी ती पुढे जाऊ नये आणि सुयांच्या हातावर भार येऊ नये. मग घाट लागला.

दुसऱ्याच वळणावर मला दिसले की गाडी कलते आहे. आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. दवाखान्याच्या दारात उतरून तिने बाजूला जाऊन जे व्हायचे ते होऊ दिले, तोंड पुसले आणि भाऊंना म्हणाली, लय बरं वाटलं रे सुखदेवा, सकाळची भाकरच जड झाली. भाऊंनी मान डोलवली. त्यांना ते पटले असे मला वाटले. रात्री आईने मला सांगितले, त्याला बोलू नकोस, त्याने एवढे केले आहे. आणि पुढच्या वेळी मी येत नाही. म्हणजे गोष्ट पुन्हा तिथेच आली होती, आणि आता तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पण भाऊंना पटले नव्हते. त्यांनी पदराचा बोळा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी ते एकटेच घाटात गेले. आईच्या सीटवर काठोकाठ पाण्याने भरलेला गडवा, त्याखाली वहिनींची पितळी परात. घाट चढून उतरले आणि परात घेऊन सरळ आमच्या ओट्यावर आले. परातीत पाणीच पाणी होते.

"काकू," ते म्हणाले, "खोटं काऊन बोलल्या?"

आई मशीनवर बसली होती. त्या दिवसांतही ती थोडे थोडे शिवत असे. ती म्हणाली, "तुह्या तोंडाकडे पाहून."

भाऊ पायरीवर बसले. मग त्यांनी अडचण सांगितली, आईला नव्हे, परातीला सांगितल्यासारखी. खाली ठेवली तर उतरावे लागते. वर उचलली तर डोलते. कापलेल्या स्प्रिंगा ताठ होत्या, म्हणून डोलत नव्हती. नव्या लांब आहेत पण मऊ आहेत. लांबही हवी आणि ताठही हवी, अशी स्प्रिंग शकीलकडे नाही, अकोल्यालाही त्याने विचारले. कापलेले काही परत लांब होत नाही.

आईने दोरा तोडला. "पोरगी वाढली अन् परकर आखूड झाला तं नवा कायले शिवतेत?" ती म्हणाली. "खालून पट्टी लावा. जुनाच परकर पुरते."

भाऊंनी वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. ते उठले, परातीतले पाणी आमच्या तुळशीला घातले आणि गाडी काढून मलकापूरला गेले.

पुढचे काम शकील मिस्त्रीचे. त्याने पुण्याच्या त्या कापलेल्या, ताठ स्प्रिंगा परत बसवल्या आणि प्रत्येकीखाली नायलॉनचा जाड चकला, म्हणजे गोल चकती, घातला. आधी पातळ चकला कातून पाहिला, मातीचा गोळा जास्त कापला गेला. मग जाड, मग त्याहून थोडा कमी. भाऊ दोन दिवस त्याच्या लेथपाशी बसून होते. शकील नंतर मला म्हणाला, भाऊ मला म्हणायचे, ब्रेकर चुकला पाहिजे आणि गडवा सांडला नाही पाहिजे, बाकी गाडी कशीही दिसू दे. ती परत आली तेव्हा घोरपडही नव्हती आणि मांजरही. शाळेसमोरच्या ब्रेकरवरून जाताना तिच्या पोटाखालून एक वहीच काय ती सरकली असती. पण ती लागत नव्हती. घाटातून आलेल्या परातीत बोटे ओली होतील एवढेच पाणी होते.

आई पुन्हा जाऊ लागली. ती झोपून जायची आणि झोपून यायची. ब्रेकर आला की भाऊ म्हणायचे, "आला बरं, काकू," आणि त्यांचा हात आडवा व्हायचा. झोपेतही ती हूं म्हणायची. कधी कधी दोघांच्या गप्पा चालत, बाजारभावाच्या, बियाण्याच्या, कोणत्या सुनेने कोणते पोलके बिघडवले त्याच्या. मी मागे बसून पुस्तक वाचत असे, किंवा वाचते आहे असे दाखवत असे. रोहिणखेडच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तक्रार केली की आता तुम्ही थांबतच नाही. तेव्हापासून भाऊ त्यांच्यासाठी मुद्दाम थांबू लागले, त्यांना आईला काचेतून नमस्कार घालता यावा एवढ्यापुरते.

असे पुष्कळ दिवस गेले. ते पुष्कळ दिवस हीच मला मिळालेली गोष्ट आहे. त्या दिवसांत आईने मला तिच्या माहेरची माणसे सांगितली, काजे करायला शिकवले, माझ्या हातचे वरण आळणी असते हे रोज ऐकवले. ज्या संध्याकाळी तिने ताट बाजूला सारले होते, तिथेच सगळे थांबले असते तर यातले काही माझ्याजवळ नसते. शेवटी ती घरीच, आपल्या अंथरुणात गेली. रस्त्यावर नाही. याचे श्रेय मी कुणाला देऊ? डॉक्टरांना देते, मशीनला देते. आणि नायलॉनच्या चार चकल्यांना.

आई गेल्यावर काही महिन्यांनी मी भाऊंना म्हणाले, आता गाडी परत खाली करून घ्या. तुम्हाला तशीच आवडत होती. ते दारात बसून मेथी निवडत होते, कारण वहिनींनी त्यांना तसे बसवले होते. वहिनीच आतून म्हणाल्या, "करतेत कायचे. आता पाटावर बसून गुडघे दुखतेत ना."

भाऊ हसले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "राहू दे. अजून कोणाले लागन."

आणि लागली. गावातल्या एका बाळंतिणीला, शाळेतल्या धाकट्या मास्तरांच्या वडिलांना, पाय मोडलेल्या एका मजुराला. घाटात त्रास होणारे माणूस असले की लोक भाऊंचे दार वाजवत. उतरण्याची जुनी रीत ज्यांना माहीत होती ती माणसे ब्रेकर दिसताच दाराला हात घालत. भाऊ म्हणत, बसा, बसा, आता तशी नाही ती.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. शेतात, मेथीच्या वाफ्याजवळ, पाणी फिरवताना बसले आणि तसेच राहिले. वहिनी म्हणाल्या, जमिनीला धरूनच गेला माणूस. त्यांचा तो पहिला टोमणा, ज्याला कुणी हसले नाही. गाडी आता त्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली असते. भाचा विचारत होता, काय करायचे. वहिनींनी त्याला बडीशेप दिली.

मी भाऊंना शेवटचे पाहिले ते त्यांच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात. कॉलेज सुटून मी शाळेसमोर बसमधून उतरले होते. ऊन कलले होते. शेताकडून पिवळी गाडी आली. मागच्या सीटवर जुड्या भरलेल्या, पुढची डावी सीट रिकामी. भाऊंचे माझ्याकडे लक्ष नव्हते, मीही हाक मारली नाही. ब्रेकर आला तशी गाडी मंदावली. खिडकी उघडी होती. त्यांचा डावा हात गिअरवरून उचलला गेला आणि त्या रिकाम्या सीटपुढे आडवा झाला. पुढची चाके चढली, उतरली. मागची चढली, उतरली. हात तोवर तसाच होता. मग तो परत गिअरवर आला आणि गाडी आमच्या गल्लीकडे वळली.